भाईजींचा उजवा पाय

भाईजी अंगणात पाऊल टाकण्याआधी खाकरायचे. एकदा कुडाबाहेर आणि एकदा कुडाच्या आत. पहिल्या खाकरण्याला रामपरीनं हातातलं काम टाकून पदर ओढायचा आणि दुसरं ऐकू येण्याआधी स्वयंपाकाच्या खोपीत शिरायचं. या घरात येऊन तिला अकरा वर्षं झाली होती आणि अकरा वर्षांत हा नेम एकदाही चुकला नव्हता. कमला नदीला पूर येऊन सगळं घर बांधावर प्लास्टिकखाली राहिलं, तेव्हासुद्धा भाईजी बाहेर पावसात भिजत उभे राहून आधी खाकरले होते.

नवऱ्याचा थोरला भाऊ म्हणजे त्या मुलखात भावजयीला देवापेक्षा लांबचा. देवाला निदान हात तरी लावता येतो. याला शिवायचं नाही, याच्याशी बोलायचं नाही, याच्या खाटेवर बसायचं नाही आणि याचं नाव तर तोंडातून काढायचंच नाही. चुकून स्पर्श झालाच तर दोघांनी आंघोळ करून दिवसभर उपास धरायचा. रामपरी मनातल्या मनातही त्यांना भाईजीच म्हणायची, तेव्हा तूर्त आपणही तेच म्हणू.

त्यांचा चेहरा तिनं कधी नीट पाहिला नव्हता. पाय मात्र पाहिले होते. पदराआडून बघणाऱ्या बाईला सगळं गाव पायांवरूनच ओळखावं लागतं. भाईजींचा डावा पाय कोळ्याचा असावा तसा होता, सडपातळ, बोटं फाकलेली, टाचेला चिखलाच्या भेगा. उजवा सहा वर्षांपासून भरत चालला होता. आधी चपलेचा पट्टा रुतायला लागला. मग त्यांनी पट्टा कापून तिथं सुतळी बांधली. यंदा उजवी चप्पल गेलीच, आणि भाईजी एकाच चपलेनं फिरायला लागले. हे कुणी तिला सांगितलं नव्हतं. विचारायचीही सोय नव्हती.

आणि रामपरी होती टोल्याची, म्हणजे त्या वस्तीची, आशा सेविका. मल्लाहांच्या, म्हणजे कोळ्यांच्या, त्या टोल्यात आठवी शिकलेली ती एकटीच सून, म्हणून तिला नेमलं. जेठ महिना सरताना तालुक्याच्या दवाखान्यात सगळ्या आशांना बोलावून हत्तीपायाचं शिक्षण दिलं आणि प्रत्येकीच्या फोनमध्ये एक नवं ॲप घालून दिलं. घरोघर जायचं, मोठ्या माणसांचे पाय बघायचे, पायाचा फोटो काढायचा, घोट्याच्या वर अंगठा दाबून दहा मोजायचे.

"अंगठा रुतला, खड्डा राहिला, तर आत पाणी आहे," नवलबाबू समजावून सांगत होते. ते सगळ्या आशांचे वरचे साहेब. "पाणी उतरतं. धुवा, कोरडा ठेवा, उंचावर ठेवा, उतरतं. पण सुजलेल्या पायात अंगठा रुतलाच नाही, लाकडावर दाबल्यासारखं लागलं, तर समजा आत मांस धरलं. ते मग आयुष्यात उतरत नाही. म्हणून पाणी आहे तोवर गाठा. कळलं का?"

कळलं होतं. ॲप तसं साधंच होतं. सगळं भरून झालं की शेवटी एक ठिपका यायचा. हिरवा आला तर तीन महिन्यांनी परत बघायचं. लाल आला तर दवाखान्यातल्या पायाच्या डॉक्टरकडे बुधवारचा नंबर लागायचा आणि घरी एक निळं टप, मग, साबण आणि मलम यायचं.

त्या निळ्या टपानंच सगळा घोळ केला. टप दाराशी दिसलं की टोल्याला कळायचं, या घरात पाय आहे. आणि पाय पाण्यातून लागतो, अशी तळ्यावरच्या माणसांची पक्की समजूत. डासानं होतो, हे रामपरी घसा सुकेस्तोवर सांगायची. माणसं मान डोलवायची आणि टपवाल्याला तळ्यात उतरू द्यायची नाहीत.

टोल्यातली एकेचाळीस घरं झाली. स्वतःचं घर तिनं शेवटी ठेवलं होतं.

आषाढातली सकाळ होती. भाईजी ओसरीवर खाटेवर बसलेले, रामपरी खोपीच्या दाराआड आणि दोघांच्या मधे उंबऱ्यावर सासू दुखनी. या घरात दोघांचं बोलणं असंच चालायचं. शब्द सासूच्या कानातून जायचे आणि सासूच्या तोंडून यायचे. वाटेत सासू त्यांना मीठमसाला लावायची.

"अम्मा, विचारा, पायाला सूज आहे का?"

"ती म्हणते, पाय कसा आहे?"

"चाललंय," भाईजींचा आवाज आला.

"काही नाही म्हणतो."

"अम्मा, ते चाललंय म्हणाले."

"मग चालतोय म्हणजे बराच आहे ना? सुजलेला पाय चालतो होय?"

रामपरीनं दारातून फोन पुढे केला. "फोटो काढायचाय. तुम्हीच काढा. हे गोल बटण दाबायचं. आणि घोट्याच्या वर अंगठा दाबून दहा मोजा."

दुखनीनं फोन हातात घेतला, उलटा धरला, मग सुलटा धरला. खाट करकरली. दुखनी म्हातारी असली तरी वेडी नव्हती. खाली बसताना ती लेकाला हळू आवाजात म्हणाली, पण खोपीला ऐकू येईल इतकं, "तो नको. हा दे."

रामपरी पदराच्या कडेखालून बघत होती. पुढे आला तो डावा पाय होता.

म्हातारीनं अंगठा दाबला, दहाऐवजी सात मोजले आणि फोन आणून सुनेच्या हातात दिला. हात सोडला मात्र नाही. "हे बघ बहुरिया," ती म्हणाली, "तुझा नवरा तिकडे लुधियानात सूत कातत बसलाय. तळ्यात आपल्या घरचा एकच माणूस उतरतो. निळं टप दाराशी आलं की खट्टर मुखिया त्याच दिवशी याला टोळीतून बाहेर काढील. तळ्यातलं मखाण्याचं बी निघेपर्यंत थांब. भादवा जाऊ दे. मग हवे तेवढे फोटो काढ."

फोनवर डाव्या पायाचा फोटो होता, जरा हललेला. खाली नाव आलेलं होतं. रामपरीनं नाव बघायचंही टाळलं. तिचा अंगठा बटणावर थोडा वेळ तसाच राहिला. मग तिनं बटण दाबलं. हिरवा ठिपका आला.

त्या वेळी तिला खरं तर बरं वाटलं. हे ती पुढे कधी स्वतःपासूनही लपवू शकली नाही.

भादव्यात तळं भरून आलं. यंदा पाणी दरवर्षीपेक्षा हातभर वर होतं. मखाण्याची ताटाएवढी काटेरी पानं कापून काठावर टाकली होती, आणि खालच्या गाळात बी पडलेलं होतं. खट्टर मुखियाच्या टोळीत चौदा माणसं. प्रत्येकानं गाळात एक बांबू रोवायचा, श्वास कोंडून त्याच्या बुडाशी जायचं, चारही बाजूंनी गाळ ओढून ढीग करायचा, मग चाळणी भरून वर यायचं. काळं बी चाळणीत खडखडायचं, गाळ गळून जायचा. वर आलेल्या माणसाच्या कानातून, नाकातून चिखल वाहायचा. पुन्हा श्वास, पुन्हा खाली. भाईजींचा दम टोळीत सगळ्यांत लांब होता. ते खाली गेले की काठावरची माणसं मोजायला लागायची आणि मोजता मोजता कंटाळायची.

दुपारी रामपरी भाकरी घेऊन बांधापर्यंत जायची आणि वडाखाली ठेवून परतायची. भाईजी पाण्याबाहेर येताना कधीमधी दिसायचे. बाकीचे काठावर उकिडवे बसून अंगातले काटे काढायचे. भाईजी उजवा पाय पाण्यातच ठेवून बसायचे, अगदी जेवतानासुद्धा. कुणाला वाटावं, माणसाला गार बरं वाटतंय.

सकाळी सकाळी ती टोल्यात पाय धुवायला जायची. तिच्या यादीत सहा लाल ठिपके होते. कारी मंडलची म्हातारी, दोघं सुतार आणि तीन बाया. टपात पाणी घ्यायचं, साबणाचा फेस हातावर करून मग पायाला लावायचा, वळ्यांच्या आत बोट घालून मळ काढायचा, बोटांच्या बेचक्यात फडकं फिरवून टिपून घ्यायचं. कारीची म्हातारी पाय देताना रडायची, धुऊन झाल्यावर आशीर्वाद द्यायची आणि संध्याकाळी पुन्हा चिखलात जायची.

"रोज धू गं काकी. औषधापेक्षा हे मोठं."

"तू येतेस तर धुते. नाहीतर कोण बघतंय माझ्या पायाकडे?"

खट्टर मुखियाची बायको सुगनी शेजारच्या हापशावर भांडी घासत होती. तिचं तोंड भांड्यांपेक्षा जास्त वाजायचं. "साऱ्या टोल्याचे पाय धुतेस, रामपरी," ती म्हणाली, "आणि तुझ्या घरचा माणूस एका चपलेनं का फिरतो गं? दुसरी काय कुत्र्यानं नेली?"

"गाळात गेली," रामपरी म्हणाली.

"गाळात गेली! मग पायही गाळातच ठेवून ये म्हणावं त्याला." सुगनी हसली आणि पुन्हा भांड्यांना लागली. रामपरीच्या हातातला साबण निसटून टपात पडला.

घरी आल्यावर तिनं दुखनीला साबण आणि मलम दिलं. कारीच्या म्हातारीच्या वाट्यातलं थोडं काढून आणलं होतं. "अम्मा, पाय धुवायला सांगा. काटे लागले असतील, बेचक्यातून आत जातं सगळं."

"सांगते," दुखनी म्हणाली. साबण कोनाड्यात राहिला. चार दिवसांनी त्याला मुंग्या लागल्या.

भादव्याच्या शेवटच्या सोमवारी भाईजी दुपारीच घरी आले. कुडाबाहेर खाकरले आणि आत खाकरलेच नाहीत. रामपरी खोपीत वाट बघत राहिली. मग धप्प आवाज झाला आणि दुखनी किंचाळली.

ते ओसरीच्या पायरीशी पडले होते. अंग एवढं थडथडत होतं की दातांचा आवाज खोपीपर्यंत येत होता. उजवा पाय गुडघ्यापर्यंत लालबुंद, कातडी ताणून चकचकीत झालेली, अंगठ्याशेजारच्या बेचक्यातून पिवळं पाणी वाहत होतं. शेजारच्या दोघांनी उचलून खाटेवर घातलं. रामपरी दारात उभी. तिच्या दोन्ही हातांना काय करायचं ते माहीत होतं आणि दोन्ही हात तिनं पदरात गुंडाळून धरले होते.

बाजारातल्या डॉक्टरनं सुई टोचली. ताप उतरला, चार तासांनी पुन्हा चढला. मंगळवारी सकाळी दुखनी आणि शेजारचा माणूस त्यांना टमटममध्ये घालून तालुक्याच्या दवाखान्यात घेऊन गेले. दुपारी परत घेऊन आले. तिथं तापाच्या गोळ्या दिल्या आणि सांगितलं, पायाचा डॉक्टर बुधवारी येतो, पंधरवड्यातून एकदा. नंबर फोनवरून लागतात. तुमच्या आशाला सांगा.

"तुमच्या आशाला सांगा!" दुखनी अंगणात बसून कपाळ बडवत होती. "मी काय सांगू त्यांना, आशा माझ्याच घरात बसलीय म्हणून?"

रामपरीनं फोन काढला. नाव हिरव्यात होतं. हिरव्याला नंबर लागत नव्हता. तिनं नवलबाबूंना फोन केला.

"बदलता येतं," नवलबाबू म्हणाले. "नवीन तपासणी भर. पण आता नुसता फोटो घेत नाही ते. कुठंतरी आशांनी घरात बसून एकाच पायाचे तीस फोटो भरले म्हणे. आता चित्रण लागतं. तुझा चेहरा दिसला पाहिजे, तुझा अंगठा पायावर दिसला पाहिजे, आणि पेशंटचं नाव तुझ्या तोंडून ऐकू आलं पाहिजे."

"दुसऱ्या कुणी दाबलं तर?"

"चालत नाही. त्या टोल्याला तुझाच नंबर आहे. का? तुझ्या हाताला काय झालं?"

रामपरीनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आणि रामपरी, आषाढात हिरवा आलेला पाय एकदम असा कसा झाला? आधीचा फोटो कुणाचा होता?"

"त्यांचाच," ती म्हणाली. "दुसरा पाय होता."

मग नवलबाबू म्हणाले, "उद्याच डॉक्टरचा बुधवार आहे. आज सूर्य बुडायच्या आत भर. ताप मेंदूत गेला, रक्तात गेला, तर डॉक्टरही काही करू शकणार नाही. बाकीचं मग बघू." माणूस वाईट नव्हता.

तिनं लुधियानाला नवऱ्याला लावलं. यंत्रांच्या घरघरीत उदगारचा आवाज तुटत तुटत येत होता.

"हात लावणार? दादाला?"

"तुम्ही या मग. आज या."

"आज कसा येऊ? डोकं फिरलंय का तुझं? टोल्यात लोक काय म्हणतील? दादा काय म्हणेल?"

"दादा काय म्हणतील ते म्हणायला दादा राहायला हवेत की नाही?"

"तू असं कर," उदगार म्हणाला, "तू... अम्माला विचार." आणि यंत्रांनी बाकीचं गिळून टाकलं.

रामपरी हापशावर गेली. हात कोपरापर्यंत साबणानं धुतले, जसे प्रत्येक पायाआधी धुवायची तसे. दुखनीच्या हातात फोन दिला. "हे लाल बटण. मी म्हणेन तेव्हा दाबायचं, मी म्हणेन तेव्हा सोडायचं. या वेळी तोंड माझ्याकडे करून धरा."

दुखनीनं सुनेकडे बघितलं आणि तिला कळलं. "अगं नाही. अगं तो मेला तरी हात लावू देणार नाही तुला."

"मेल्यावर लावायचा नाहीये मला."

भर दुपार होती. ओसरीच्या पायरीशी येऊन रामपरी थांबली आणि खाकरली. बाईमाणसानं पुरुषासारखं खाकरणं त्या अंगणात कुणी ऐकलं नव्हतं. खाटेवर भाईजींनी डोळे उघडले. तिला बघून त्यांनी पाय आखडून घ्यायला बघितलं. डावा आला, उजवा जागचा हलला नाही. मग त्यांनी गमछा पायावर ओढला.

"अम्मा," त्यांचा आवाज फाटलेला होता, "तिला सांग, माझं नाव त्या फोनातून काढून टाक. मी मेलो म्हणून लिही. तिला सांग."

दुखनीनं तोंड उघडलं, पण रामपरी थांबली नाही.

"भाईजी," ती म्हणाली.

अकरा वर्षांतला तो पहिला शब्द. खाटेवरचा माणूस ताप विसरून स्तब्ध झाला.

"भाईजी, आषाढात तुम्ही डावा पाय दिलात. मला दिसलं होतं. मी तोच पाठवला. तुम्ही दोघांनी झाकलं ते घरासाठी, मी झाकलं ते भीतीनं. आता गमछा काढते. तुम्ही भिंतीकडे तोंड करा. तुम्हाला मी दिसले नाही, म्हणजे तुमच्याकडून काही झालं नाही. जे होईल ते माझ्याकडून."

थोड्या वेळानं त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. खाटेची कड हातानं घट्ट धरली.

तिनं पदर मागे सारला, कारण चेहरा दिसायला हवा होता. उन्हानं डोळे मिटायला लागले. दुखनीनं फोन धरला. रामपरी फोनकडे बघून म्हणाली, "रुग्णाचं नाव," आणि तिथं थांबली. मग पहिल्यापासून म्हणाली, "रुग्णाचं नाव बिलट सहनी."

नाव अंगणात पडलं. हापशावरच्या बाया कुडाशी येऊन उभ्या राहिल्या होत्या. सुगनीच्या हातात घासलेली परात तशीच होती.

पाय भाजत होता. तिनं नडगीच्या मधोमध अंगठा ठेवला आणि दाबला. एक, दोन, तीन. रुतत होता. दहा मोजून तिनं अंगठा उचलला तर तिथं बोर बसेल एवढा खड्डा राहिला. तिच्या तोंडून हुंदका आला. पाणी होतं. अजून पाणी होतं. मग तिनं अंगठा खाली घोट्यापाशी नेला, जिथं सूज सगळ्यांत जुनी होती. दाबला. दहा मोजले. ओल्या लाकडावर दाबावं तसं लागलं. तिनं आणखी जोर दिला. बिलट सहनीनं खाटेची कड आणखी घट्ट धरली, पण पाय ओढला नाही. अंगठा उचलला. कातडीवर नुसता पांढरा डाग पडला होता, आणि तोही बघता बघता लाल झाला.

आषाढात दाबला असता तर? हा प्रश्न तेव्हा तिनं मनात येऊ दिला नाही. "सोडा," ती सासूला म्हणाली. दुखनीनं बटण सोडलं. लाल ठिपका आला, आणि खाली बुधवारचा नंबर.

बिलट सहनी तीन आठवडे दवाखान्यात राहिला. पू काढला, ताप गेला, सूज गुडघ्यापासून नडगीपर्यंत उतरली. नवलबाबूंनी रामपरीच्या एकेचाळीसही घरांत दुसऱ्या आशेला पाठवून सगळे पाय पुन्हा तपासून घेतले. बाकीचे सगळे बरोबर निघाले. एकच चुकीचा होता, आणि तो कुठला हे तोवर साऱ्या तालुक्याला कळलं होतं.

निळं टप आलं. दुखनीनं ते आधी घराच्या मागे ठेवलं, मग उपयोग नाही असं दिसल्यावर दाराशी आणून ठेवलं. खट्टर मुखिया स्वतः येऊन सांगून गेला. बोलला गोडच. "बिलट भाईला आराम करू दे. तळं कुठं पळून जातंय?" टोळीतली बिलटची जागा त्याच दिवशी खट्टरच्या मेहुण्यानं घेतली. टोल्यातल्या म्हाताऱ्यांनी बसून ठरवलं, स्पर्श झालाय तर दोघांनी आंघोळ आणि उपास. तो तर रामपरीनं त्याच दिवशी धरला होता, कुणी न सांगता.

बिलट घरी आला तो काठी टेकत. कुडाबाहेर टमटम थांबल्याचं रामपरीनं खोपीतून ऐकलं. मग काहीच ऐकू येईना. तो कुडाबाहेर उभा होता आणि खाकरत नव्हता.

"खाकर की रे," दुखनी म्हणाली. "उन्हात किती उभा राहशील?"

"आता कशाला?" तो म्हणाला. "आता कुणाला सांगायचंय?"

रामपरीला ते ऐकवेना. आषाढात तिनं जे केलं त्याहून हे वाईट होतं. घरातल्या थोरल्या माणसाला स्वतःच्या अंगणात शिरायला तोंड उरू नये! तिनं पदर डोळ्यांवर ओढला, भिंतीकडे तोंड केलं आणि आतून मोठ्यानं बांगड्या वाजवल्या. थोड्या वेळानं काठी टेकत कुणीतरी आत आलं.

कार्तिकात पोट भरायला एकच काम उरलं होतं. दुसऱ्यांचं बी घेऊन लाह्या करून द्यायच्या. बी लोखंडी कढईत तापवायचं, तडतडायला लागलं की पाटावर घ्यायचं आणि क्षणात वरून लाकडी थापी हाणायची. कवच फुटतं, आतून पांढरा मखाणा उडतो. क्षणभर उशीर झाला की बी नुसतंच चेचतं. म्हणून भाजणारा आणि हाणणारा गुडघ्याला गुडघा लावून बसतात. सगळ्या टोल्यात नवरा-बायको बसतात. दुखनीला धुरानं दिसत नव्हतं आणि तिचे हात कापत होते. भाजायला रामपरीच होती. हाणायला बिलटच होता.

दोन दिवस बी पोत्यात पडून राहिलं. तिसऱ्या दिवशी बिलटनं काहीही न बोलता दोन बांबू रोवले आणि मधे एक तागाचं पोतं टांगलं. जमिनीपासून वीतभर वर. पलीकडे पाट आणि थापी, अलीकडे चूल आणि कढई. रामपरी पळीनं तापलेलं बी पोत्याखालून सारायची. पलीकडून थापी पडायची. थाड. थाड. पोत्याखाली दोन हात दिसायचे, एक देणारा आणि एक हाणणारा. दोघांच्याही बोटांना भाजल्याचे फोड आले. गावात हसू झालं. सुगनी तर खास बघायला आली आणि म्हणाली, "वा! दोघांच्या मधे पोतं, आणि बुधवारी?"

बुधवारचं तिनं बरोबर धरलं होतं. कारण फोनला पोतं कळत नव्हतं. दर बुधवारी ॲप उघडलं की तेच. चेहरा, अंगठा, नाव. आणि सगळं भरून झालं की तीच अक्षरं. पुढची तपासणी, सात दिवसांनी. नवलबाबूंना तिनं विचारलं होतं, किती बुधवार? ते म्हणाले, "या आजारात बुधवार संपत नाहीत, रामपरी." म्हणून दर बुधवारी दोघांचा उपास. त्या दिवशी चूल फक्त बियांसाठी पेटायची. दुखनी एकटीच सत्तू कालवून खायची आणि खाता खाता दोघांनाही शिव्या घालायची.

त्या बुधवारी उन्हं कलली तसं रामपरीनं बी सारणं थांबवलं. हात धुतले. फोन सासूकडे दिला. पलीकडे थापी थांबली होती. ती सासूला सांगणार होती, सांगा म्हणून. सांगावं लागलं नाही.

पोत्यापलीकडून खाकरल्याचा आवाज आला. एकदाच. आणि पोत्याखालून, कुणी न मागता, उजवा पाय पुढे आला. धुतलेला, बेचक्यातून पुसलेला, मलम लावलेला.

तिनं पदर मागे घेतला आणि नाव सांगितलं. नडगीवर अंगठा दाबला. आता तिथं सूज जवळजवळ राहिली नव्हती. मग घोट्यापाशी. फोन दहा मोजायला सांगत होता. तिनं दहा मोजले आणि थांबली नाही. अकरा. बारा. पंधरा. वीसपर्यंत ती मोजत गेली, दर बुधवारी जायची तशी, आणि पाय दर बुधवारी राहायचा तसा तिच्या अंगठ्याखाली स्थिर राहिला. घोट्यात अंगठा रुतला नाही.

"पुरे," पलीकडून बिलट म्हणाला. "बी गार होतंय."

तिनं अंगठा उचलला, पदर ओढला आणि कढईखाली लाकूड सारलं.